बदकाचे बूट

मागच्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो तेव्हा मागून तुमच्या ताईचा आवाज आला. तुम्ही दोघं बदकाच्या खेळाचा सातवा भाग लावून बसला होतात आणि ती तुम्हाला सांगत होती, "अरे, आत न्यायच्या आधी पायपुसण्यावर तरी उभं करा त्याला." तुम्ही हसलात. मग धाकट्याने मला विचारलं, की ताई दर वेळी असं का म्हणते, बदकाच्या घरात पायपुसणं कुठे असतं?

फोनवर ते सांगण्यासारखं नव्हतं. एक तर हकिकत लांबलचक आहे, आणि दुसरं म्हणजे मी एकदा खोटं बोलले, त्याची त्यात कबुली आहे. जिने शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलं आणि कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलं, तिने अशी कबुली फोनवर देऊ नये. म्हणून लिहून पाठवते. सगळं क्रमाने लिहिते, मध्येच उडी मारून शेवट वाचू नका.

अठ्ठ्याण्णव साली तुम्ही दोघं नव्हतात. ताई सात वर्षांची होती. तुमच्या बाबांची परदेशातली नोकरी ठरली होती, जूनमध्ये निघायचं होतं, म्हणून मे महिन्यात ताईला आमच्याकडे रत्नागिरीला ठेवून तुमचे आईबाबा मुंबईत सामान बांधत होते. ताईला करमेना. आंबे खाऊन झाले, समुद्र बघून झाला, माझ्या कपाटातल्या पुस्तकांची उंचीप्रमाणे रांग लावून झाली. तिसऱ्या दिवशी ती कुंपणापाशी उभी राहून भोकाड पसरून रडली.

कुंपणापलीकडे खाला राहतात. मागच्या खेपेला त्यांनी तुम्हाला फणसाची सांदणं खायला घातली होती आणि तुम्ही तो केक आहे असं म्हणाला होतात, त्याच. त्यांचे मालक जहाजावर होते. त्यांनी दुबईहून मुलांसाठी एक टीव्हीचा खेळ आणला होता. मुलं मोठी होऊन कुवेतला गेली आणि खेळ कपाटात राहिला. ताईचं रडणं ऐकून खाला तो पिशवीत घालून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे घ्या. पोर गप्प होईल. माझी दोन्ही ह्याच्यावरच मोठी झाली."

एक काळा डबा, वायर लावलेले दोन रिमोट आणि एकच पिवळी कॅसेट. बरोबर माहितीची पुस्तिकाही होती, पण ती कुठल्याशा पूर्वेकडच्या लिपीत. घरात इंग्रजीची शिक्षिका असून काही उपयोग झाला नाही. आजोबांनी वायरी टीव्हीला जोडल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली, आणि पडद्यावर एक पिवळं बदक येऊन उभं राहिलं. त्याच्या पायांत लाल बूट होते, गुडघ्यापर्यंत. बदकाला गुडघे असतात का, हे मी अजूनही कुठे पाहिलेलं नाही.

तुम्ही आज जे सात भाग खेळता त्यांतला हा पहिला. तुमच्या बदकासारखं ते बोलत नव्हतं, उडत नव्हतं, त्याला मित्रही नव्हते. ते रस्ता चुकलं होतं आणि त्याला घरी जायचं होतं, एवढीच गोष्ट. वाटेत पाच लहान घरं लागत. प्रत्येक घरात शिरून एक किल्ली उचलायची आणि त्याच दाराने बाहेर यायचं. पाच किल्ल्या झाल्या की शेवटी त्याचं स्वतःचं मोठं घर. त्या घराच्या मधल्या खोलीत एक कोरडी विहीर होती आणि विहिरीपलीकडे जिना. घराच्या मधोमध विहीर कुणी खणली आणि खणू दिली कुणी, हा प्रश्न आजोबांनी तेव्हाच विचारला होता. त्याला उत्तर मिळालेलं नाही.

रिमोटवर दोन लाल बटणं होती. पहिल्याने बदक उडी मारायचं. दुसरं कशासाठी, ते आम्हाला कळेना. तेवढ्यात पहिलं घर आलं आणि ताई बदकाला तसंच आत न्यायला लागली.

मी म्हटलं, "बूट?"

ताई थांबली. दुसरं बटण दाबून बघितलं तर काय, बदकाने दोन्ही बूट काढले आणि ते दाराशी जोडीने उभे राहिले! आम्हा दोघींची खात्रीच पटली, की हा खेळ करणारी माणसं चांगल्या घरातली आहेत. नाहीतर बूट काढायचं बटण कोण देतं? खालाही म्हणाल्या, की त्यांची मुलं दुसरं बटण दाबत नसत, म्हणून तर त्यांना कुवेतला जाईपर्यंत वळण लागलं नाही. त्यांच्याकडेही चपला बाहेरच राहतात.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. दार आलं की बूट काढायचे, तेही दारासमोर नाही, डावीकडे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येणार नाहीत असे. बदकाने किल्ली घेऊन अनवाणी बाहेर यायचं, बूट घालायचे, पुढे चालू लागायचं. मी माझ्या लोणच्यांच्या वहीत मागच्या पानापासून सगळा रस्ता लिहून काढला. "तिसरं घर. खड्डा. दोन आकडे मोजून उडी. बूट डावीकडे." वहीच्या पुढच्या अंगाने कैरीचं लोणचं आणि मागच्या अंगाने बदक अशी सुरुवात झाली होती. मिरचीच्या लोणच्यापाशी दोघांची गाठ पडली.

पाच घरं आम्ही आठवड्यात सर केली. सहाव्या घरात विहीर आली आणि बदक तिच्यात पडलं. पुन्हा पडलं. रोज पडलं. उडी दर वेळी वीतभर कमी पडायची. मी लांबून धावत आणायला सांगितलं, खालांनी देवाचं नाव घेऊन दाबायला सांगितलं, आजोबांनी विहीर बुजवायला सांगितली. ताईची सुट्टी संपली, बाबा तिला न्यायला आले, आणि बदक विहिरीच्या अलीकडेच राहिलं.

निघताना ताईने माझा पदर धरला. रडत नव्हती, पण ओठ बाहेर आला होता. "आजी, ते घरी पोचलं की मला कळव."

मी म्हटलं, "कळवीन."

पुढचा महिनाभर मी रोज दुपारी भांडी घासून झाली की बदक घेऊन बसायचे आणि रोज ते विहिरीत घालवायचे. तिकडून फोन आला की ताई शाळेचं सांगत नसे, घराचं सांगत नसे. पहिला प्रश्न, पोचलं का? तुमची आई म्हणाली, की तिला तिकडे झोप लागत नाही, ती बदकाचंच विचारते. मग मी एक पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, की बदक घरी पोचलं. दारात बूट काढून डावीकडे ठेवले. पायांवर तांब्याभर पाणी घेतलं, पायपुसण्याला पाय पुसले. त्याच्या आईने त्याला मऊ भात वाढला, तो त्याने न सांडता खाल्ला, आणि ते झोपलं. खाली सही केली.

त्यानंतर ताईला झोप लागायला लागली असं तुमच्या आईने कळवलं. मी खेळ पिशवीत घालून माळ्यावर टाकला. आठ वर्षांत मला त्या पत्राची फारशी आठवण झाली नाही, हेही कबूल करते.

दोन हजार सहा साली एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. ती पंधरा वर्षांची झाली होती. तुम्हा दोघांना तेव्हा कांजिण्या आल्या होत्या, त्यामुळे ती आणि बाबा दोघंच यायची होती. ती म्हणाली, की तोवर निघालेले बाकीचे सगळे भाग तिने खेळून संपवले आहेत. पहिला भाग तिकडे कुणाकडेही नाही आणि त्याचा शेवट तिच्या मैत्रिणींपैकी कुणीच पाहिलेला नाही. बदक पाय धुऊन भात खातं हे तिने सगळ्यांना सांगितलं आहे आणि कुणी विश्वास ठेवत नाही. "तर आजी, तू खेळ काढून ठेव. आपण शेवटापर्यंत जाऊ आणि मी फोटो काढून आणणार आहे."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. आजोबांनी विचारलं कोण गेलं. मी त्यांना सगळं सांगितलं, पत्रासकट. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाई खोटं बोलल्या," असं ते दिवसभर स्वतःशीच म्हणत होते. संध्याकाळी त्यांनी ते कुंपणावरून खालांनाही सांगितलं.

ताईला यायला दहा दिवस होते. तेवढ्यात मला बदकाला खरोखर घरी पोचवायचं होतं. पोचवलं नाही तर ती माझ्यासमोर बसून तो खेळ खेळणार, विहिरीत पडणार, आणि मान वळवून मला विचारणार, की तू कशी गेलीस पलीकडे. तो प्रश्न मला भांडी घासताना ऐकू यायला लागला.

माळ्यावरून पिशवी काढली. डबा पुसला, कॅसेटमध्ये फुंकर मारली, लोणच्यांची वही उघडली. आठ वर्षांनी बदक पुन्हा समोर आलं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच लहान निघालं. माझ्या आठवणीत त्याच्या चेहऱ्यावर भाव होते. प्रत्यक्षात चेहरा म्हणजे सहा पिवळे चौकोन आणि एक काळा. झाडंही सगळी एकच झाड होतं, पुन्हा पुन्हा लावलेलं. पण पहिल्या खड्ड्याशी अंगठा आपोआप दोन आकडे मोजून दाबला गेला, तेव्हा बरं वाटलं.

अडचण दुहेरी होती. एक विहीर, आणि दुसरी लोडशेडिंग. त्या वर्षी सकाळी अकराला वीज जायची ती दुपारी यायची, आणि त्या डब्याला काही लक्षात ठेवता येत नसे. वीज गेली की बदक पुन्हा पहिल्या झाडाखाली. सुरुवातीपासून विहिरीपर्यंत जायला मला पाऊण तास लागे. म्हणजे आंघोळ, पूजा, नाश्ता उरकून दहाला बसायचं आणि अकराच्या आत विहिरीत पडायचं, असा रोजचा क्रम झाला. खाला फणस घेऊन यायच्या आणि हाताला तेल लावून गरे काढत बघत बसायच्या. रोज एकच म्हणायच्या, "बाई, आज जरा जास्त जोर लावला होता हां तुम्ही."

आठव्या दिवशी माझा अंगठा सुजला. हळदीचा लेप लावून फडक्याने बांधला, तेव्हा तो बदकासारखाच दिसायला लागला. नवव्या दिवशी मी रिमोट आजोबांच्या हातात दिला आणि वही घेऊन शेजारी बसले. मी वाचायचं आणि त्यांनी दाबायचं.

इथे तुम्हाला आजोबांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या लग्नाला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. तेवढी वर्षं आजोबा माडांच्या आळ्यांत पाणी सोडून तांबड्या चिखलाच्या वहाणांसकट थेट स्वयंपाकघरात येतात. मी काही म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, एका मिनिटाचं काम आहे." मी फरशी पुसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाकी नवरा म्हणून त्यांच्यात काही दोष नाही.

तर आजोबा खेळायला लागले. वाचणारी मी असल्यामुळे पाच घरं व्यवस्थित झाली, बूट डावीकडे. पण त्यांना सवय नसल्याने वेळ गेला, आणि सहावं घर आलं तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती. ते घड्याळाकडे बघत होते.

"बूट," मी म्हटलं.

"अगं, एका मिनिटाचं काम आहे," आजोबा म्हणाले, आणि बदक बुटांसकट आत गेलं.

मी काही बोलायच्या आत ते मधल्या खोलीत पोचलं, तसंच धावत गेलं आणि आजोबांनी बटण दाबलं. बदक विहिरीवरून गेलं. नुसतं गेलं नाही, छताला डोकं आपटून, पलीकडे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन उतरलं.

खालांच्या हातात गरा तसाच राहिला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणजे बाई, उडी त्या बुटांत होती. आणि आपण आठ वर्षं त्याला अनवाणी मारत होतो."

तसंच होतं. बूट घातले की बदक उंच उडी मारतं. काढले की हलकं होतं आणि पाण्यात तरंगतं, आणि त्यासाठी ते बटण होतं. बाहेरच्या खड्ड्यांशी बूट पायांतच असत, आणि लहान घरांत उडी मारावीच लागत नसे, म्हणून आमचं कधी अडलं नाही. चांगल्या घरातली माणसं वगैरे काही नव्हतं.

पण शेवट व्हायचा होता. बदक जिना चढलं, खोलीत एक पलंग होता, आणि ते पलंगावर उडी मारून झोपलं. बुटांसकट. पांघरूण आपोआप वर आलं आणि खालून दोन लाल बूट बाहेर राहिले. वर इंग्रजीत अक्षरं आली, की अभिनंदन, घरी पोचलात. त्या सगळ्या खेळात माझ्या इंग्रजीचा उपयोग झाला तो एवढाच.

खाला म्हणाल्या, "पांघरूण कोण धुणार आता?"

आणि वीज गेली.

बदक पोचलं होतं, पण मी आधीपेक्षा वाईट अडकले होते. आता ताई शेवट बघणार, म्हणजे बूट बघणार. तांब्या नाही, पायपुसणं नाही, भात नाही. आजोबा म्हणाले, कॅसेट बिघडली म्हणून सांग. खाला म्हणाल्या, उंदराने नेली म्हणा, उंदीर काही साक्षीला येत नाही. मी कॅसेट हातात घेऊन परसातल्या विहिरीपर्यंत गेलेही. मग माझ्या लक्षात आलं, की एका विहिरीमुळे एकदा खोटं बोलले, आता दुसऱ्या विहिरीत टाकून दुसऱ्यांदा बोलायला निघाले आहे. परत आले आणि कॅसेट पुसून जागेवर ठेवली.

ताई आली. माझ्यापेक्षा उंच झाली होती. जेवण झाल्यावर, वीज आली तशी, ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि पिवळी कॅसेट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, की तिला सगळ्या भागांत हाच आवडतो. "बाकीच्यांत ते बूट काढतच नाही, आजी. दुसऱ्या भागापासून त्यांनी ते बटणच काढून टाकलं. मला वाटायचं, पहिल्याला तू वळण लावलंस, पुढच्यांकडे कुणी बघितलंच नाही."

बूट डावीकडे, बूट डावीकडे, करत ती पाच घरं गेली. तिला वही लागली नाही. सहाव्या दारात बूट काढले, आत गेली, विहिरीत पडली. तीनदा पडली. मग तिने मान वळवली आणि तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत.

"आजी, तू कशी गेलीस पलीकडे?"

"गेले नाही," मी म्हटलं. "ते पत्र मी मनाने लिहिलं होतं. तुला झोप लागत नव्हती. पोचलं ते परवा, आणि तेही आजोबांनी पोचवलं. बूट घालून आत गेलं की उडी पुरते."

ताईने रिमोट मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

"मग पाय कुणी धुतले?"

"मीच. पत्रात."

"आणि भात?"

"तोही मीच घातला."

ती पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे हे बदकसुद्धा तसलंच?" तिचा ओठ सात वर्षांची असताना यायचा तसा बाहेर आला होता. मी खोटं बोलले याचं तिला काही नव्हतं. बदक दारातून बुटांसकट जातं, हे तिला सहन होत नव्हतं.

तिने बदकाला पुन्हा सहाव्या दारापाशी आणलं. अंगठा बटणावर होता, पण ती पुढे जाईना. दारासमोर जमिनीवर एक तपकिरी पट्टी होती. ती पायरी असेल, नुसता चौकोन असेल. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, जाऊ का आत?"

"जा," मी म्हटलं. "पण त्या पायपुसण्याला पाय पुसून जा."

तिने बदकाला त्या पट्टीवर उभं केलं आणि डावीउजवीकडे, डावीउजवीकडे, असं चांगलं चार वेळा घासलं. मगच आत नेलं. विहीर गेली, जिना गेला, बदक पलंगावर पडलं, पांघरूण वर आलं, बूट बाहेर राहिले. ताईने कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, खाली घेतला. आपल्या टीव्हीवर मी विणलेला क्रोशाचा रुमाल असतो. ती उठली आणि तो रुमाल तिने बुटांच्या बाजूने पडद्यावर हळूहळू खाली ओढला, बूट झाकले जाईपर्यंत. मग फोटो काढला. तुमच्या घरी जिन्यातल्या भिंतीवर जो आहे तो हाच. पांढऱ्या जाळीदार पांघरुणात झोपलेलं बदक बघून तुम्ही विचारता ना, की हे कुठल्या भागातलं? हे पहिल्या भागातलं, रत्नागिरीचं.

तेवढ्यात आजोबा माडांना पाणी सोडून आत आले. "पोचलं का बदक?" म्हणत थेट टीव्हीपर्यंत. मागे तांबडी पावलं.

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "आजोबा, बूट."

आजोबा खाली बघून म्हणाले, की एका मिनिटाचं काम होतं. ताईने दाराकडे बोट केलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते पुढे काही न बोलता परत गेले आणि वहाणा काढून आले. मी जाऊन बघितलं. डावीकडे ठेवल्या होत्या.